बँकेचा सर्व्हे आणि आपला सर्व्हे : रेडिंगमधील एका घरखरेदीचे प्रकरण

इंग्लंडमधील रेडिंग शहराच्या पूर्व भागात न्यूटाउन नावाची वस्ती आहे. हंटली अँड पामर्सच्या बिस्किट कारखान्यातले कामगार एकेकाळी या भागात राहत असत. लाल विटांच्या भिंतींत मधूनमधून राखाडी विटांची नक्षी गुंफलेल्या व्हिक्टोरियन घरांच्या रांगा तिथे आजही उभ्या आहेत. आपल्याकडे ज्याला रो-हाउस म्हणतात तसाच हा प्रकार; फरक एवढाच की यांतील बरीच घरे सव्वाशे वर्षांच्या पुढची आहेत. मूळचे नाशिकचे एक दांपत्य यांपैकी एक घर घेत असताना सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून घराच्या अवस्थेची पाहणी, कोणता करावा, हा प्रश्न उभा राहिला. त्या काळात मी त्यांच्यासोबत असल्याने सगळा व्यवहार जवळून पाहता आला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घराची अवस्था आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

घर तीन बेडरूमचे होते. विक्रेत्याने मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवून घेतले होते, आतून सगळीकडे पांढरा रंग दिला होता आणि जमिनीवर नवे लॅमिनेट टाकले होते. ३,९०,००० पौंडांची ऑफर विक्रेत्याने मान्य केली, मॉर्गेजचा, म्हणजे गृहकर्जाचा, अर्ज गेला, आणि आठवड्याभरात बँकेचे पत्र आले की व्हॅल्युएशन, म्हणजे घराच्या किमतीचा अंदाज, समाधानकारक आहे. त्या संध्याकाळी बाईंचा मला फोन आला. आता सॉलिसिटरचे, म्हणजे खरेदीचे कागद पाहणाऱ्या वकिलाचे, काम तेवढे उरले, असे त्यांना वाटत होते. वेगळा सर्व्हे करणार का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, बँकेने केलाय की सर्व्हे. त्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत."

हा गैरसमज फार जणांचा होतो, आणि तो होण्याला कारणही आहे. महाराष्ट्रात घर घेताना आपली सगळी सावधगिरी कागदावर खर्च होते. सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहायची, इंडेक्स टू काढायचा, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यायचा, फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आले का ते विचारायचे. भिंत ठोकून पाहायला कोणी माणूस नेमत नाही. फार तर ओळखीचा मिस्त्री बरोबर येतो. इंग्लंडमध्ये मालकी हक्काची नोंद लँड रजिस्ट्रीत असते आणि ती तपासण्याचे काम सॉलिसिटर करतो, पण वास्तूच्या प्रकृतीची जबाबदारी तिथला कायदा पूर्वापार घेणाऱ्यावर टाकत आला आहे. विचारलेल्या प्रश्नांना विक्रेत्याने खोटी उत्तरे देऊ नयेत, एवढे बंधन त्याच्यावर आहे. भिंतीत काय दडले आहे ते आपणहून सांगण्याचे सर्वसाधारण बंधन नाही. बँकेचे व्हॅल्युएशन तर बँकेसाठी असते. उद्या हप्ते थकले आणि घर विकावे लागले तर आपले कर्ज वसूल होईल का, एवढेच तिला पाहायचे असते. या घराच्या बाबतीत तर कोणी दारापर्यंतही आले नव्हते. आसपासच्या विक्रीच्या किमतींवरून बसल्या जागी आकडा काढला गेला होता, आणि पत्रातल्या बारीक अक्षरांत तसे लिहिलेही होते.

८९० पौंडांचा प्रश्न

सर्व्हे करायचा हे ठरल्यावर कोणता करायचा, हा प्रश्न आला. रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स, म्हणजे आरआयसीएस, या व्यावसायिक संस्थेने घरांच्या सर्व्हेसाठी ठरवलेले मानक मार्च २०२१ पासून लागू आहे, आणि त्यात तीन पातळ्या आहेत. लेव्हल १ मध्ये घराच्या प्रत्येक भागाची अवस्था थोडक्यात नोंदवलेली असते. सल्ला जवळजवळ नसतो. लेव्हल २ मध्ये पाहणी अधिक बारकाईने होते आणि दुरुस्ती व देखभालीविषयी सल्ला मिळतो. रूढ पद्धतीने बांधलेल्या, फारशी मोडतोड न झालेल्या घराला तो साधारणपणे पुरतो. लेव्हल ३ मध्ये सर्व्हेअर जास्त वेळ घालवतो, दोषाचे कारण काय असावे, तो दुरुस्त कसा करावा आणि न केल्यास काय होईल हे मांडतो. अहवालात प्रत्येक भागाला १, २ किंवा ३ असा क्रमांक आणि हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दिलेला असतो. लाल म्हणजे गंभीर किंवा तातडीचे.

दांपत्याकडे दोन कोटेशन होती : लेव्हल २ साठी ५२० पौंड आणि लेव्हल ३ साठी ८९० पौंड. घर नुकतेच नूतनीकरण केलेले आहे, लेव्हल २ भरपूर झाला, असे एजंटचे म्हणणे होते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे की एजंट हा विक्रेत्याचा माणूस असतो, त्याची फी विक्रेता देतो, आणि व्यवहार लांबू नये ही त्याची इच्छा स्वाभाविक असली तरी ती आपली इच्छा नव्हे. ओल तपासण्यासाठी त्याने एका कंपनीचे नावही सुचवले होते. ती फुकट पाहणी करते म्हणे. भिंतीत रसायन टोचून ओल थांबवण्याचे काम विकणाऱ्या कंपनीला भिंत कोरडी सापडेल, ही अपेक्षा मला तरी भाबडी वाटते.

निवड किमतीवरून करायची नाही, घराला तीन प्रश्न विचारून करायची, असे मी त्यांना सुचवले. घर किती जुने आहे, त्यात मूळ बांधणीला हात लावणारे बदल झाले आहेत का, आणि घेतल्यावर त्यात तुम्ही काय करणार आहात? वय तर स्पष्ट होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की नाशिकहून आईवडील सहा-सहा महिने राहायला येणार होते आणि त्यांच्यासाठी लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, खोली काढण्याचा विचार होता. एवढ्यावरच लेव्हल ३ कडे पारडे झुकले असते. पण निर्णय पक्का झाला तो दुसऱ्या प्रश्नाने, आणि त्याचे उत्तर नाशिकहून आले.

बाईंचे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्यांदा घर पाहायला गेल्यावर मुलीने व्हिडिओ कॉलवर त्यांना घर फिरवून दाखवले. स्वयंपाकघर मोठे आणि मोकळे आहे, हे त्यांनाही आवडले. मग त्यांनी बाहेर जाऊन छप्पर दाखवायला सांगितले. मागच्या बाजूला शेजारच्या घराला लागून विटांचे भक्कम धुराडे होते. "हे धुराडं खाली कुठे उतरतं?" त्यांनी विचारले. पुन्हा आत जाऊन पाहिले. जुन्या इंग्रजी घरांत प्रत्येक खोलीतल्या शेकोटीमागे भिंतीतून हातभर पुढे आलेला विटांचा उभार असतो. तळापासून वरपर्यंत तो सलग जातो आणि धुराड्याचे सारे वजन पेलतो. पुढच्या खोल्यांत तो होता. स्वयंपाकघरात नव्हता आणि वरच्या मागच्या बेडरूममध्येही भिंत सपाट होती. "मग वरचं ओझं कशावर आहे?" या प्रश्नाचे उत्तर एजंटकडे नव्हते.

सर्व्हेअर निवडताना त्यांनी आणखी एक चांगली गोष्ट केली. कोटेशन ऑनलाइन स्वीकारून मोकळे न होता ते त्या सर्व्हेअरशी आधी वीस मिनिटे फोनवर बोलले. तो स्वतः पाहणीला येणार की दुसऱ्याला पाठवणार, या भागातली व्हिक्टोरियन घरे त्याने किती पाहिली आहेत, आणि अहवालानंतर फोनवर बोलता येईल का, हे त्यांनी विचारले. गायब झालेले उभार, लॉफ्टमध्ये खोली काढायची योजना आणि मागच्या भिंतीवरचा ताजा रंग हे तीन मुद्दे ईमेलने लेखी कळवले. घेणाऱ्याला काय काळजी वाटते आहे ते सर्व्हेअरला आधी माहीत असले की तो त्या दिशेने टॉर्च जास्त वेळ रोखतो.

लॉफ्टमध्ये

पाहणीला जवळपास पाच तास लागले आणि अहवाल बासष्ट पानांचा आला. त्यात तीन ठिकाणी लाल रंग होता.

पहिला अर्थातच धुराड्याचा. लॉफ्टमध्ये काढलेला फोटो मी अजून विसरलेलो नाही. काजळी धरलेल्या विटांचा चौकोनी खांब छपरातून खाली येतो आणि जमिनीपासून गुडघाभर उंचीवर एकदम संपतो. त्याखाली दोन लाकडी ओंडके आडवे टाकलेले, ते बाजूच्या छताच्या तुळयांना खिळ्यांनी ठोकलेले, आणि एका ओंडक्याला मधोमध लांबट चीर गेलेली. शेकडो किलो विटा बेडरूमच्या छतावर अशा तोलून ठेवलेल्या होत्या. पोलादी तुळई नाही, ब्रॅकेट नाही.

धुराड्याच्या अशाच उभारावरून इंग्लंडमधला एक गाजलेला खटला झाला आहे. स्मिथ विरुद्ध एरिक एस. बुश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात नॉर्विचमधील १८,००० पौंडांचे घर घेणाऱ्या बाईंनी बिल्डिंग सोसायटीच्या व्हॅल्युएशनसाठी ३६.८९ पौंड भरले होते आणि मोठ्या दुरुस्तीची गरज नाही, असा अहवाल मिळाल्यावर त्यावर विसंबून घर घेतले होते. उभार काढलेले होते. वर उरलेल्या भागाला आधार आहे का, हे पाहिले गेले नव्हते. साधारण दीड वर्षाने विटा लॉफ्टचे छत फोडून बेडरूममध्ये कोसळल्या. १९८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सर्व्हेअरला जबाबदार धरले. हा निकाल ऐकून बाईंच्या नवऱ्याने विचारले की मग बँकेच्या व्हॅल्युएशनवर विसंबून राहिलो असतो तरी काय बिघडले असते? बिघडले असते ते असे की त्या खटल्यात निदान एक माणूस घरात जाऊन आला होता आणि त्याने निष्काळजीपणा केला, हे दाखवता आले. इथे कोणी आलेच नव्हते. शिवाय विटा पडून झाल्यावर न्यायालयात भरपाई मिळवणे हा घर घेण्याचा मार्ग कोणी हौसेने निवडत नाही.

दुसरा लाल शेरा छपराचा होता. मूळ छप्पर स्लेटचे, म्हणजे पातळ पाटीच्या दगडाचे होते. कधीतरी ते काढून काँक्रीटची कौले बसवली होती. ही कौले स्लेटपेक्षा बरीच जड असतात, आणि वासे मात्र हलक्या छपरासाठी घातलेलेच राहिले होते. वाशांना मधोमध पेलणारी आडवी तुळई खाली झुकली होती. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून कौलांच्या ओळीकडे तिरक्या नजरेने पाहिले तर जुन्या खाटेच्या सुंभासारखा खळगा दिसत होता. आम्ही तिघांनी तो रस्ता चार वेळा ओलांडला होता आणि एकालाही तो दिसला नव्हता. छप्पर लगेच पडेल असे सर्व्हेअरने म्हटले नाही. वाशांना जोड द्यावा लागेल, आणि लॉफ्टमध्ये खोली काढायची असेल तर ते काम त्याच वेळी करणे शहाणपणाचे, असा त्याचा सल्ला होता. लेव्हल ३ चा उपयोग मला सर्वांत जास्त जाणवला तो इथे. लेव्हल २ मध्ये हा खळगा किंवा ते धुराडे सुटलेच असते, असे मी म्हणणार नाही. चांगला सर्व्हेअर तिथेही लाल शेरा मारून इंजिनिअरला दाखवा, असे लिहितो. पण कारण काय, आधी काय करावे आणि तुमच्या योजनेशी त्याचा संबंध काय, हे तो तितके उलगडून लिहीत नाही, कारण ते त्या कामात धरलेलेच नसते.

तिसरा शेरा ओलीचा होता, आणि त्याचा खर्च शून्य निघाला. मागच्या भिंतीला आतून कमरेपर्यंत ओल होती आणि तिच्यावर ताजा रंग फासलेला होता. या घराच्या भिंती भरीव आहेत. विटांची रचना पाहून ते ओळखता येते : एक वीट लांबीने, पुढची रुंदीने, अशी आलटून पालटून रचलेली असेल तर भिंत एकसंध, नऊ इंच जाडीची समजावी, दोन थरांमध्ये पोकळी सोडण्याची पद्धत नंतर रुळली. तळमजल्याची लाकडी जमीन मातीपासून वर तरंगती ठेवलेली असते आणि तिच्याखाली वारा खेळावा म्हणून भिंतीच्या पायाशी जाळीच्या विटा बसवलेल्या असतात. विक्रेत्याने अंगणात फरशी बसवताना माती भरून जमीन वर उचलली होती. जाळीच्या दोन विटा पूर्ण गाडल्या गेल्या होत्या आणि फरशी भिंतीतल्या ओलरोधक थराच्याही वर आली होती. पाऊस भिंतीतून आत येत होता आणि जमिनीखालचा ओलावा बाहेर पडत नव्हता. रसायन टोचून यातले काहीही बरे झाले नसते. घर ताब्यात आल्यावर एका शनिवारी नवरा-बायकोने कुदळ-फावड्याने भिंतीलगतच्या फरश्या उखडल्या, खडी भरून चर काढला आणि जाळ्या मोकळ्या केल्या.

कागदी विमा

इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाली तरी कराराची अदलाबदल, म्हणजे एक्स्चेंज, होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. सर्व्हे करायचा तो या मधल्या काळातच, कारण एक्स्चेंजला साधारण दहा टक्के रक्कम भरली की मागे फिरण्याची किंमत निदान तेवढी होते.

सॉलिसिटरने विक्रेत्याला विचारले, तेव्हा उभार आमच्या आधीच्या मालकाने काढले असावेत, परवानगीचे माहीत नाही, असे उत्तर आले. अशा कामाला नगरपालिकेच्या बिल्डिंग कंट्रोलची मंजुरी आणि काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र लागते; तसे कागद नव्हते. सामाईक भिंतीत तुळई घालायची तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला नोटीसही द्यावी लागते. यावर विक्रेत्याकडून जो प्रस्ताव आला तो मी या व्यवहारातला सर्वांत फसवा क्षण मानतो. आम्ही आमच्या खर्चाने इंडेम्निटी पॉलिसी काढून देतो, म्हणजे विषय मिटला, असे त्यांचे म्हणणे होते. वर या पॉलिसीची एक अट अशी की नगरपालिकेला या कामाविषयी कळवायचे नाही. कळवले तर पॉलिसी मिळत नाही किंवा रद्द होते.

ही पॉलिसी कशापासून संरक्षण देते, ते नीट पाहिले पाहिजे. मंजुरीशिवाय काम झाले म्हणून नगरपालिकेने कारवाई केली तर त्याचा खर्च ती देते. विटा पडल्या तर ती काही देत नाही. बँक आणि सॉलिसिटर यांच्या फाइलमधली मोकळी चौकट तिने भरते, म्हणून ती सर्रास घेतली जाते. चिरलेल्या ओंडक्याला त्याने काही फरक पडत नाही. सर्व्हेचा लाल शेरा हातात नसता तर या दांपत्याने ती आनंदाने घेतली असती.

त्यांनी ती नाकारली. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणला, त्याने पोलादी तुळई सुचवली, बिल्डरने तुळई आणि छपराचा जोड मिळून १४,६०० पौंडांचा अंदाज दिला. विक्रेत्याकडे अहवालाची पाने आणि हा अंदाज पाठवून किंमत तेवढी कमी करण्याची मागणी केली. उत्तर यायला नऊ दिवस लागले आणि घर हातचे जाते की काय, अशी त्या काळात घरात धाकधूक होती. विक्रेत्याने धुराड्याचा पूर्ण खर्च मान्य केला आणि छपराचा फक्त काही भाग. घर जुने आहे हे दिसतच होते, असे त्याचे म्हणणे, आणि ते अगदीच अवाजवी होते असे मला वाटत नाही. शेवटी ९,००० पौंड कमी झाले. सर्व्हे, इंजिनिअर आणि धावपळ धरूनही व्यवहार फायद्याचा ठरला. पण त्यांच्या जागी मी असतो तर एक पैसा कमी झाला नसता तरी तो ओंडका माहीत होण्यासाठी ८९० पौंड दिले असते.

जे निसटले

लेव्हल ३ झाला म्हणजे सगळे दिसले, असे नाही. सर्व्हेअर भिंत फोडत नाही, चिकटवलेले लॅमिनेट उचकटत नाही, वायरिंगची आणि बॉयलरची चाचणी घेत नाही. त्यासाठी वेगळी माणसे बोलवावी लागतात. जमिनीखाली काय आहे हेही त्याच्या कक्षेबाहेर असते. रेडिंगमध्ये या शेवटच्या मुद्द्याला वेगळे महत्त्व आहे. शहराच्या काही भागांखाली खडूच्या जुन्या खाणी आहेत, आणि जानेवारी २००० मध्ये फील्ड रोडवर जमीन खचून घरे रिकामी करावी लागली होती. त्याची चौकशी सॉलिसिटर मागवतो त्या पर्यावरणविषयक सर्चमधून झाली. न्यूटाउनच्या या घराखाली तसे काही आढळले नाही.

गटाराच्या बाबतीत मात्र चूक झाली, आणि ती सर्व्हेअरची नव्हती. वाढवलेले स्वयंपाकघर जुन्या मातीच्या नळांवर बांधलेले दिसते, एक्स्चेंजपूर्वी कॅमेरा घालून नळ तपासून घ्यावेत, असे त्याने सुचवले होते. त्याचे १८० पौंड पडत होते. तोवर एवढे पैसे गेले होते की हा एक खर्च पुढे ढकलू, असे ठरले, आणि मीही त्यांना अडवले नाही. ऑक्टोबर २०११ पासून शेजारच्या घरांशी सामाईक असलेले गटार पाणी कंपनीच्या ताब्यात गेले आहे, तेव्हा काही झाले तर कंपनी बघेल, असा माझा हिशेब होता.

नोव्हेंबरात, आईवडील येऊन दहा दिवस झाले असताना, स्वयंपाकघराच्या सिंकमधून पाणी उलटे वर आले. नळात मुळे शिरली होती. पाणी कंपनीचा माणूस त्याच दिवशी आला, त्याने कॅमेरा घातला आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवले : सामाईक गटार जिथे सुरू होते तो सांधा इथे, आणि फुटलेला नळ त्याच्या अलीकडे सव्वा मीटर. म्हणजे या घराचा एकट्याचा. स्वयंपाकघराची जमीन खणून तो बदलायला २,३०० पौंड लागले. काम चालू असताना वडिलांनी अहवाल मागून घेतला आणि चष्मा लावून सत्तेचाळिसाव्या पानावरची कॅमेऱ्याची शिफारस मला वाचून दाखवली. पुढे ते काही बोलले नाहीत.